सीनियर मुलांनी एफ.वाय.ला शिकवायचं, तर ते दिवाळीनंतर टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं कॉलेज, एफ.वाय.बी.एस्सी.ला साधारण १२० मुलं. निम्म्याहून जास्त आश्रमशाळेतून नाहीतर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली, बऱ्याच घरांतून कॉलेजात आलेलं हे पहिलंच मूल. रसायनशास्त्रात पहिल्याच सेमिस्टरला पुष्कळ जण अडकतात, काही तर परीक्षेलाच बसत नाहीत. गेल्या वर्षी टी.वाय.च्या चार टॉपर मुलांकडून संध्याकाळी जादा तास घेतले. पहिल्या आठवड्यात वर्ग भरला, दिवाळीपर्यंत पाच-सहा जण उरले. यंदा पुन्हा करावं का, कसं करावं, आणि टॉपर मुलं 'आमचा वेळ जातो' म्हणतात त्यांना काय सांगावं?

करावं, नक्की करावं. फक्त गेल्या वर्षीसारखं करू नये. तुम्ही दिलेल्या वर्णनात मला तीन गोष्टी दिसतात. एक, 'कच्च्या मुलांनी थांबावं' अशी सूचना लागली होती. दोन, टॉपर मुलांनी खडू हातात घेऊन पुन्हा तेच लेक्चर दिलं. तीन, वेळ संध्याकाळी पाचची होती. यातली एकेक गोष्टही वर्ग रिकामा करायला पुरेशी आहे. सकाळी सरांच्या तोंडून न कळलेलं संध्याकाळी टी.वाय.च्या मुलाच्या तोंडून ऐकून कळेल, ही अपेक्षाच चुकीची. या मुलांना दिवसभर ऐकायलाच मिळतं. तोंड उघडून बोलायला, फळ्यावर चुकायला आणि ती चूक कुठून आली हे शोधायला कुठेच मिळत नाही. ती सोय करणं, एवढंच या उपक्रमाचं काम.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमच्या विभागात पदं रिक्त असतील, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सप्टेंबरात येत असतील आणि तोवर मूळ लेक्चरच होत नसेल, तर हे सुरू करू नका. सीनियर मुलं ही रिकाम्या पदांची भरपाई नव्हे, आणि तशी ती वापरली गेली की दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान होतं. दुसरं, वेळापत्रकात जागा देणं प्राचार्यांच्या हातात असतं. ती मिळत नसेल तर १२० मुलांचा बेत सोडा आणि ज्या प्रॅक्टिकल बॅचची वेळ तुमच्या हातात आहे तिच्यापासून सुरुवात करा. वसतिगृहात राहणारी मुलं किती आणि रोज एसटीने येणारी किती, यावरही बरंच ठरतं.

ही कल्पना नवी नाही आणि जगात ती कुठे कशी चालली हे पाहिलं की आपल्या चुका लवकर दिसतात. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ साली अशी एक पद्धत सुरू झाली. तिचं मर्म असं की बोट विद्यार्थ्याकडे दाखवायचं नाही, विषयाकडे दाखवायचं: 'हा विषय सगळ्यांनाच अवघड जातो, म्हणून या विषयाला सत्रं आहेत'. अमेरिकेतल्याच बर्कले विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्रायसमन यांनी सत्तरच्या दशकात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. मेहनत किंवा घरचा पाठिंबा कमी नव्हता. ही मुलं एकेकटी अभ्यास करत होती, आणि यशस्वी होणारी चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होती. ट्रायसमन यांनी गट केले आणि त्या गटांना सोपी नाही, अवघड गणितं दिली. पुढे नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्रासाठी सहा ते आठ मुलांचा एक गट, त्याला एक सीनियर आणि आठवड्याला ठरलेलं सत्र, अशी रचना बसली. तुमच्या कामाची रचना ही शेवटची.

आता हिशेब. १२० पैकी सुरुवातीला साधारण ७० जण येतील असं धरा. सातचा गट धरला तर दहा गट, म्हणून दहा ट्यूटर (गट चालवणारी सीनियर मुलं), आणि आजारपण-परीक्षांसाठी दोन जादा, असे बारा. सत्र आठवड्यातून एकदा, दीड तासाचं. वेळ लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मध्ये कुठेतरी. पाचनंतर अजिबात नको. शेवटची एसटी चुकण्याची भीती असलेली मुलगी साडेचारपासून घड्याळ बघत असते, आणि वसतिगृहातल्या मुलांची जेवणाची वेळ चुकली तर ती पुढच्या आठवड्यात येत नाहीत. सेमिस्टरच्या १५ आठवड्यांपैकी दुसऱ्या आठवड्यात सुरू करून १२ सत्रं बसतात. एका ट्यूटरचा वेळ आठवड्याला दीड तास सत्र, एक तास तयारीची बैठक आणि अर्धा तास नोंदी, म्हणजे तीन तास. बारा आठवड्यांचे ३६ आणि सुरुवातीच्या प्रशिक्षणाचे सहा मिळून ४२ तास. बारा जणांचे ५०४ तास. हा आकडा घेऊन प्राचार्यांकडे जा. तुमच्याकडे 'कमवा आणि शिका' (कॉलेजातच काम करून मोबदला मिळवण्याची) योजना असेल तर त्यात हे काम बसतं का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. बागेत पाणी घालण्याइतकंच, किंबहुना जास्त, हे काम त्या योजनेच्या हेतूला धरून आहे. फुकट करून घेऊ नका. फुकट काम घरची परिस्थिती बरी असलेलीच मुलं करू शकतात, आणि मग तुम्हाला हवे असलेले ट्यूटर मिळतच नाहीत.

हवे असलेले ट्यूटर म्हणजे कोण? फक्त टॉपर नकोत. ज्याला मोल संकल्पना (रेणू-अणूंची संख्या मोजायचं माप) पहिल्या फटक्यात कळली त्याला ती कुठे अडते हे सांगता येत नाही. रसायनशास्त्रात ६०-७० टक्क्यांच्या आसपास असलेली, मराठी शाळेतून आलेली, एखादा पेपर एटीकेटीत राहून नंतर काढलेली एस.वाय.ची मुलं या कामात फार चांगली निघतात. त्यातली निम्मी तरी मुली असू देत. निवडीसाठी मुलाखत घेऊ नका. एफ.वाय.च्या मुलाने चुकीचं सोडवलेलं एक गणित हातात द्या आणि विचारा, 'त्याला तू पहिला प्रश्न काय विचारशील?' जो लगेच बरोबर रीत सांगायला लागतो त्याला आणखी तयारी लागेल. 'हा आकडा कुठून आणलास?' असं विचारणारा मुलगा घ्या, त्याचे गुण कमी असले तरी.

सत्रात नेमकं काय व्हायला हवं ते एका गणितावरून सांगतो. टायट्रेशनच्या (माहीत तीव्रतेच्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता काढायच्या प्रयोगाच्या) आधी प्रत्येक कॉलेजात येणारं हे गणित: ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडचं २५० मिली द्रावण करायला किती ग्रॅम ॲसिड तोलावं लागेल? सात मुलांना पाच मिनिटं एकट्याने सोडवू द्या, मग उत्तरं फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, कुणाचं कोणतं हे न लिहिता. साधारण अशी उत्तरं येतात: १.५७५, ३.१५, १.१२५ आणि हमखास एखादं १५७५.

बरोबर उत्तर १.५७५ ग्रॅम. आपल्या बाटलीतल्या ऑक्झॅलिक ॲसिडच्या रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून रेणुवस्तुमान १२६. ते दोन प्रोटॉन देतं म्हणून सममूल्य वस्तुमान त्याच्या निम्मं, ६३. मग ०.१ गुणिले ६३ गुणिले ०.२५. ज्याचं ३.१५ आलं त्याने १२६ला दोनने भागलं नाही. मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल आणि नॉर्मल म्हणजे लिटरमागे किती सममूल्य, हा फरक त्याला कळलेला नाही. ज्याचं १.१२५ आलं तो स्फटिकजल, म्हणजे रेणूबरोबरचं ते पाणी, विसरला आणि त्याने ९० धरून त्याचे निम्मे ४५ घेतले. त्याला बाकी सगळं येतं, त्याने फक्त बाटलीवरचं लेबल वाचलेलं नाही. १५७५ वाल्याने मिलीचे लिटर केले नाहीत. त्याला सूत्र पाठ आहे, पण आकड्याकडे बघायची सवय नाही. ट्यूटरने इथे एकच विचारायचं: 'दीड किलो पावडर या २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये जाईल का?' मुलं हसतात, आणि तो मुलगा स्वतःच खोडून ०.२५ लिहितो. ती चूक तो सहसा पुन्हा करत नाही, कारण ती त्याने स्वतः पकडली.

चारही उत्तरं चार वेगळ्या जागी अडलेल्या मुलांची आहेत. फळ्यावर बरोबर रीत लिहून दिली असती तर चौघांनी ती वहीत उतरवली असती आणि चौघेही तिथेच राहिले असते. म्हणून नियम असा की खडू ट्यूटरच्या हातात नाही. प्रश्न विचारल्यावर त्याने मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. दहा सेकंदांची शांतता नवख्या ट्यूटरला फार जड जाते आणि तो तिसऱ्या सेकंदालाच उत्तर देऊन टाकतो. प्रशिक्षणाच्या सहा तासांतले दोन तास निव्वळ याच सरावाला द्या: एकाने एफ.वाय.चा मुलगा व्हायचं, एकाने ट्यूटर, आणि तिसऱ्याने ट्यूटर किती वेळ बोलला ते घड्याळावर मोजायचं. तो निम्म्याहून जास्त वेळ बोलला असेल तर पुन्हा.

दर आठवड्याला एक शीट द्या, पाच गणितांची. पहिलं सगळ्यांना येईल असं, मधली तीन परीक्षेच्या पातळीची, शेवटचं परीक्षेपेक्षा अवघड. हे शेवटचं गाळायचा मोह होईल, गाळू नका. नुसती सोपी गणितं दिली की मुलांना बरोबर कळतं की आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. ट्यूटरच्या हातात उत्तरपत्रिका देऊ नका. तयारीच्या बैठकीत बारा जणांनी ती शीट तुमच्यासमोर स्वतः सोडवायची आणि प्रत्येक गणितात कोणत्या तीन चुका होतील याचा अंदाज लिहायचा. ही एक तासाची बैठक म्हणजे सगळ्याचा कणा. 'या आठवड्यात राहू दे, मुलांना येतंच' असं दोनदा झालं की तिसऱ्या आठवड्यात ट्यूटर लेक्चर द्यायला लागलेले दिसतील, कारण तयारी नसली की माणूस प्रश्न विचारायचं टाळतो.

आता भाषा. तुमच्या मुलांच्या बाबतीत निम्मा गुंता इथे आहे, म्हणून जरा थांबतो. दहावीपर्यंत संयुजा, क्षपण, आम्लारी, अवक्षेप, उदासिनीकरण हे सगळं ज्याने नीट शिकलं, तो अकरावीत एकदम व्हॅलन्सी, रिडक्शन, बेस, प्रेसिपिटेट ऐकतो. दोन वर्षांत हा सांधा कुणी जोडून दिलेला नसतो. त्याला क्षपण येतं. रिडक्शन म्हणजेच क्षपण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून प्रत्येक शीटच्या डोक्यावर त्या आठवड्याच्या आठ-दहा शब्दांची जोडी छापा. आश्रमशाळेतल्या मुलासाठी मराठीसुद्धा दुसरी भाषा असू शकते. नंदुरबारकडे गटात भिली किंवा पावरी, पालघरला वारली, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलली गेली तर थांबवू नका. विचार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत चालू दे.

शब्दांपेक्षा मोठी अडचण वाक्यरचनेची. 'नंबर ऑफ मोल्स ऑफ हायड्रोजन ॲटम्स इन नाइन ग्रॅम्स ऑफ वॉटर' हा प्रश्न मराठीत '९ ग्रॅम पाण्यातल्या हायड्रोजन अणूंचे मोल किती' असा होतो. क्रम बरोबर उलटा. इंग्रजी डावीकडून वाचत गेलेला मुलगा 'मोल'पाशी सुरू करतो आणि 'ऑफ'च्या माळेत हरवतो. त्याला शेवटाकडून वाचायला शिकवा: ९ ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धा मोल पाणी, प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन, म्हणजे एक मोल. दुसरी जागा द्रावण करण्याची. '२५० मिलीपर्यंत पाणी भरणं' आणि '२५० मिली पाणी घालणं' यांतला फरक इंग्रजी सूचनेत एका छोट्या 'टू'वर टांगलेला असतो. मुलं मोजपात्राने २५० मिली पाणी घेऊन त्यात पावडर टाकतात आणि मग टायट्रेशनचं रीडिंग का जुळत नाही हे कुणालाच कळत नाही. व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क प्रत्यक्ष टेबलावर ठेवा आणि मानेवरच्या खुणेवर बोट ठेवून बोला.

पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा असतो. म्हणून सत्राची शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने आज शिकलेलं एक गणित दोन-तीन पूर्ण इंग्रजी वाक्यांत लिहायचं आणि शेजाऱ्याने ते वाचायचं. बोलणं मराठीत आणि लिहिणं इंग्रजीत, हा पूल दर आठवड्याला थोडा थोडा बांधला नाही तर परीक्षेत उत्तर येत असूनही पान कोरं राहतं.

गट कसे पाडायचे? आडनावांच्या यादीने नाही, बारावीच्या गुणांनी नाही. एकच काळजी घ्या: कुठल्याही गटात एकटीच मुलगी किंवा एकटाच आदिवासी मुलगा पडू देऊ नका, किमान दोघं-तिघं असू देत. एकटं पडलेलं मूल बोलत नाही. गट पूर्ण सेमिस्टरभर तोच ठेवा. आणि सत्रं सगळ्या १२० जणांसाठी खुली ठेवा. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदांसाठी 'स्लो लर्नर'ची यादी करावी लागत असेल तर ती फाइलमध्ये राहू द्या, नोटीस बोर्डावर कधीच नको, आणि शिष्यवृत्तीच्या यादीवरून तर कुणालाही बोलवू नका. सगळ्यांना खुलं केलं की ज्यांना कमी गरज आहे तेच आधी नाव नोंदवतात, हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे ज्यांची तुम्हाला काळजी वाटते त्यांच्याशी प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी एकेकट्याने बोलणं: 'बुधवारी अकराला ये, तुझ्या गटात अमुक आहे.' अशा तोंडी बोलावण्याने येणारी मुलं नोटिशीने येत नाहीत.

ट्यूटरने काय करायचं नाही हेही लेखी ठरवा. जर्नल लिहून देणं नाही, 'आयएमपी' प्रश्न वाटणं नाही, गुण देण्याशी संबंध नाही. 'बारावीला किती होते', 'कोणत्या कोट्यातून आलास', 'स्कॉलरशिप मिळते ना तुला' हे प्रश्न कुणी गंमतीतही विचारायचे नाहीत, आणि ते का दुखतात हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत बोला. सीनियर-ज्युनियर एका खोलीत येणार म्हणजे रॅगिंगविरोधी २००९च्या नियमांचं भान ठेवायला हवं. दारं उघडी, तीन-चार गट एकाच मोठ्या वर्गात, आणि एक शिक्षक आसपास फिरता. तक्रार कुणाकडे करायची ते नाव पहिल्याच दिवशी सांगा, आणि ते ट्यूटर निवडणाऱ्या शिक्षकाचं नसावं. मुलींच्या घरच्यांनाही या मांडणीने भरवसा वाटतो.

गळती कधी लागते हे आधीच माहीत असलेलं बरं. पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागले की पुढच्या आठवड्यात ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच येत नाहीत. लाज वाटते. म्हणून त्या आठवड्याची शीट छापूच नका. प्रत्येकाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका आणायची, गुणांचा कोपरा दुमडायचा, आणि एकच चूक निवडून ती का झाली ते गटाला सांगायचं. ट्यूटरने स्वतःच्या जुन्या पेपरातली एक चूक आधी सांगितली की बाकीच्यांचं तोंड उघडतं. आणि जो आला नाही त्याला त्याच दिवशी फोन. व्हॉट्सॲपवरचा मेसेज नाही, फोन. दुसरी गळती दिवाळीच्या सुट्टीनंतरची. कापूस वेचणी, ऊसतोड, भातकापणी यांत घरची कामं निघतात. सुट्टीनंतरचं पहिलं सत्र मागच्या दोन शीटांतल्या गणितांचं ठेवा, म्हणजे आठवडा चुकलेला मुलगा परकं वाटून परत फिरत नाही. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेल्यांसाठीही पाचव्या आठवड्यात एक नवा गट उघडा. कागदपत्रं आणि पैसे उशिरा जमलेली मुलं त्यातच असतात.

उपयोग झाला का हे कसं मोजायचं? आलेल्यांचा निकाल आणि न आलेल्यांचा निकाल शेजारी ठेवू नका. येणारी मुलं मुळातच जास्त धडपडणारी असतात, त्यामुळे आकडा फसवा निघतो. बारावीच्या रसायनशास्त्राच्या गुणांचे तीन टप्पे पाडा आणि त्याच टप्प्यातल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांशी तुलना करा. पहिल्या आठवड्यात दहा प्रश्नांची छोटी चाचणी, आठव्या आठवड्यात त्याच धर्तीची दुसरी. परीक्षेला गैरहजर किती आणि एटीकेटी किती, हे वेगळं लिहा. माझ्या मते सगळ्यात आधी हलतो तो गैरहजेरीचा आकडा. ७० मुलांत दोन-तीन टक्क्यांच्या फरकाला काही अर्थ नसतो, त्यावर अहवाल उभा करू नका. कोणत्या शाळेतली मुलं टिकली आणि कोणती गळली याची नोंद मात्र स्वतःजवळ ठेवा, कारण एकूण हजेरी चांगली दिसत असतानाही आश्रमशाळेतली सगळी मुलं गेलेली असू शकतात.

राहिला टॉपर मुलांचा प्रश्न. त्यांना मोठं भाषण देऊ नका. तयारीच्या एका बैठकीला बसवा आणि विचारा, ऑक्झॅलिक ॲसिडला ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर का, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडला दोन्ही सारखेच का? एफ.वाय.च्या मुलाला समजेल असं, सूत्र न लिहिता सांग. बहुतेक जण दुसऱ्या वाक्याला अडतात. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेलाही हीच समज लागते, हे त्यांना माहीत असतं. ज्यांना तरीही नको वाटेल त्यांना सोडून द्या. तुम्हाला लागणारे बारा जण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसलेले आहेत, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.